पार्किन्सन्स वाढतोय तो रसायनांमुळे की वाढत्या वयामुळे?

निरंजन_एम: पार्किन्सन्सचा, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या आणि बऱ्याचदा हात कापायला लावणाऱ्या मेंदूच्या आजाराचा, विषय निघाला की हल्ली लगेच कीटकनाशकांवर खापर फोडलं जातं. आकडे धडकी भरवणारे आहेत, मान्य. १९९० मध्ये जगात अंदाजे २५ लाख रुग्ण होते, २०१६ मध्ये ६१ लाख, आणि जागतिक आरोग्य संघटना २०१९ साठी ८५ लाखांहून जास्त सांगते. पण हा मुख्यतः साठीनंतरचा आजार आणि माणसं आता जास्त जगतात, हे कुणी लक्षातच घेत नाही. २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अंदाज आला: २०५० पर्यंत अडीच कोटी रुग्ण. त्या वाढीतही सिंहाचा वाटा लोकसंख्येच्या वाढत्या वयालाच दिलाय. मग रसायनांचं भूत कशाला?

रानवाट: आधी एक. ६१ आणि ८५ लाख हे वेगवेगळ्या वेळी केलेले अंदाज आहेत, तीन वर्षांत २४ लाख वाढले असं वाचू नका. आता मुद्दा. वयाचा परिणाम वजा केल्यावरही १९९० ते २०१६ मध्ये प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी वाढलंय. ते कुठून आलं? पॅराक्वाट हे तणनाशक युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे. फ्रान्सने २०१२ मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन्स व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. सरकारं हौसेने भरपाई देत नाहीत हो.

निरंजन_एम: २२ टक्के निदान सुधारल्यामुळेही असू शकतात. शिवाय सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हा आजार कमी दिसतो (म्हणून कुणी पेटवू नका!). धूम्रपान घटलं तर त्याचाही परिणाम आकड्यात येणारच.

मीरा_के: निदानाबद्दल सहमत. बाबांचं अक्षर आधी बारीक झालं. सही इतकी आखडली की बँकेने चेक परत केला. चालताना उजवा हात हलायचाच नाही. हाताला कंप नव्हता, त्यामुळे घरात सगळे ‘वय झालं’ म्हणून मोकळे. वास येणं तर त्याआधी कधीच बंद झालं होतं. पूर्वी असे किती जण कुठल्याच मोजणीत आले नसतील! पण म्हणून रसायनं निर्दोष ठरत नाहीत.

रानवाट: अगदी. निरंजन, तुमचे वय आणि निदान हे दोन्ही मुद्दे बाजूला ठेवता येतील असं उदाहरण देतो. अमेरिकेत कॅम्प लेज्यून या मरीन तळाच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन होतं. धातूवरचं ग्रीस काढायचं द्रावण. १९७५ ते ८५ मध्ये तिथे राहिलेल्यांची तुलना पाणी दूषित नसलेल्या कॅम्प पेंडल्टन या दुसऱ्या तळाच्या मरीनांशी केली. नोकरी तीच, नंतरची आरोग्यसेवा तीच. तरी लेज्यूनवाल्यांमध्ये पार्किन्सन्सचा धोका ७० टक्के जास्त निघाला. २०२३ चा अभ्यास आहे.

निरंजन_एम: हा अभ्यास वाचलाय, आणि तो भक्कम आहे. पण एका तळावरच्या दूषित पाण्याने धोका वाढला, यावरून जगातल्या लाखो रुग्णांपैकी किती जणांना रसायनाने आजारी केलं ते कळत नाही. मी तेवढंच म्हणतोय. द्रावणावर बंदी घाला, माझी हरकत नाही. फक्त बंदी घातली की २०५० चा आकडा खाली येईल, असं लोकांना सांगू नका. तेव्हाच्या म्हाताऱ्यांसाठी न्यूरॉलॉजिस्ट आणि लेव्होडोपा (या आजारावरचं मुख्य औषध) लागणारच आहे, आणि त्यावर इथे कुणी अक्षरही लिहिलेलं नाही.

मीरा_के: फिजिओथेरपिस्टही लिहा त्यात. गोळीचा असर उतरला की बाबांचा पाय दारातच चिकटतो.