बदली झालीय, लॅब्रॅडोरला चांगलं घर कसं शोधावं?

प्रश्न (लातूर): नर, साडेतीन वर्षांचा. नव्या गावी ठेवता येणार नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर (परभणी): आधी लसीचं कार्ड काढा. रेबीजच्या लसीला वर्ष उलटलं असेल तर टोचून घ्या. कार्डावर लसीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही हवी. नसबंदी करूनच द्या. फुकटचा लॅब्रॅडोर पैदाशीला नेणारे हमखास येतात. टाके सुकायला 10 ते 14 दिवस लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

उत्तर (नांदेड): घर बघितल्याशिवाय देऊ नका. फाटकाखालची फट बघा, रात्री कुठं झोपणार विचारा. "गच्चीवर पत्र्याखाली" म्हणाले तर सरळ नाही म्हणा, आपल्याकडच्या मे महिन्यात जीव जाईल त्याचा! भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी स्वतः बोला. त्याच्या खोडीही सांगून टाका, लपवल्या की आठ दिवसांत कुत्रं परत येतं.

उत्तर (बीड): त्याची चादर न धुता सोबत द्या. खाणं आठवडाभरात हळूहळू बदला, नाहीतर हगवण लागते. पहिले दोन आठवडे पट्ट्याशिवाय बाहेर नको, जुनं घर शोधत पळतो. आणि कुणी "रानात सोडा" म्हणालं तरी ऐकू नका, 1960 च्या प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यानं तो गुन्हा आहे.