गिझर खदखदतोय, टाकी फुटेल का?

प्रश्न: जळगाव, बोअरचं पाणी. २५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर. चालू केला की पाच मिनिटांत तडतड, मग किटलीसारखी खदखद. पाणी तापायलाही वेळ लागतो.

उत्तर १: भाऊ, हा क्षाराचा थर. एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कांडीवर) साचलेल्या थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, तोच आवाज. एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा स्विच) बंद करा, पाणी निवू द्या, इनलेटचा कॉक बंद करून टाकी रिकामी करा. वायरींचा फोटो काढून मगच फ्लँज (एलिमेंट बसवलेलं झाकण) उघडा. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून एलिमेंट दोन-तीन तास बुडवा, फक्त जोडणीची टोकं कोरडी ठेवा. स्क्रूड्रायव्हरने खरवडायचं नाही. आवरणाला चीर गेली की पाण्यात करंट उतरतो. झाकणाखालचं रबरी गॅस्केट नवंच टाका, जुनं हमखास गळतं. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियम रॉड झिजून तारेसारखा झाला असेल तर तोही बदला, नाहीतर पुढची पाळी टाकीची.

उत्तर २: एलिमेंट परत बसवल्यावर गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय बटण दाबू नका, कोरडा एलिमेंट लगेच जळतो. थर्मोस्टॅट ५५ अंशांवर ठेवा, जास्त तापमानाला क्षार भराभर बसतो.

उत्तर ३: फुटण्याचं म्हणाल तर जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बघा. तापताना त्यातून थेंब पडले तर चांगलंच. ते ‘गळतं’ म्हणून बूच मारणारे महाभाग आहेत, तसलं मात्र करू नका दादा. आणि नळ बंद करताना ठक्क वाजत असेल तर तो गिझर नव्हे, सैल पाइप. क्लँप आवळा.