मुंबईत राहून मराठी स्वर कानात आपोआप बसतात का?

पारिजात_दादर
"मराठी माणसांत राहा, आपोआप येईल" हा सल्ला मुंबईत नव्याने आलेल्या प्रत्येकाला मिळतो. शब्द येतात, मान्य. स्वरांचं मला पटत नाही. मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. मी 'काम झालं' म्हणते, हिंदी भाषक विद्यार्थी वहीत 'काम झाला' लिहितो. हिंदीत शब्दाच्या शेवटी असा ताणलेला 'अ' येत नाही, म्हणून कान त्याला 'आ'च्या खणात ढकलतो. १९९७ साली बार्सिलोनातल्या लोकांवरचा एक अभ्यास आला होता. घरी स्पॅनिश, लहानपणापासून कॅटलानही अस्खलित. तरी कॅटलानमधले दोन 'ए' त्यांना वेगळे ऐकू येईनात, कारण स्पॅनिशमध्ये 'ए' एकच. तिथे ही गत, तर कुर्ल्याचं काय घेऊन बसलात?

भांडुपचे_मामा
ताई, यात कानाचा दोष नाहीच. हिंदीत नपुंसकलिंग नाही, 'काम' पुल्लिंगी. तो मनात 'काम हो गया' म्हणतो आणि 'झाला' जोडतो. व्याकरणाचं पाप स्वरावर कशाला?

पारिजात_दादर
मामा, व्याकरण आहेच. पण 'दिला' आणि 'दिलं' नुसते सुटे, सावकाश म्हटले की ओळखतात. तेच भरभर बोलताना हुकतं. लिंग न कळणं एवढंच कारण असतं तर वेगाने फरक पडला नसता.

कोळीवाड्याजवळचा
आमच्या इमारतीतली बलियाची भाभी रोज बाजारात हुज्जत घालते. "कालचं पापलेट दिलंस ना, मावशी!" त्या 'दिलंस'मध्ये खोट काढून दाखवा. वर्गात बसलेली नाही ती. खरी गोची आपलीच आहे: समोरचा जरा अडखळला की आपण लगेच हिंदीवर उतरतो. मग त्याने मराठी ऐकायचं कुठे, लोकलच्या 'पुढील स्टेशन'मध्ये? सहवासच दिला नाही आणि म्हणे सहवासाने काही होत नाही!

अउर_क्या
आधी आपले कान तपासा. प्रमाण हिंदीत 'और', 'पैसा' यांत एकच सलग स्वर असतो; जन्मभर हिंदी सिनेमे पाहून आपण मात्र 'और'ला 'अउर' आणि 'पैसा'ला 'पइसा'च म्हणतो.

भांडुपचे_मामा
ती लिपीची करणी. अक्षर तेच, म्हणून आपण ते मराठीसारखं वाचतो. शिवाय मुंबईची हिंदी आपणच घडवलेली, तिथे लखनौचा 'और' कानावर पडणार कधी?

पारिजात_दादर
भाभीचं उदाहरण आवडलं, पण कोळीण तिला उलट उत्तर देते, हे विसरू नका. १९९१ मध्ये जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतले र आणि ल असेच शिकवले: अनेकांच्या आवाजात शब्द ऐकवायचे, ओळखायला लावायचे, चूक-बरोबर तिथल्या तिथे सांगायचं. फरक पडला. व्यंजनांचा प्रयोग आहे, ठाऊक आहे. मी स्वरांना तीच पद्धत लावते. नुसतं कानावर पडू देणं वेगळं.

कोळीवाड्याजवळचा
म्हणजे बाजारात जे फुकट मिळतं त्याचीच फी घेता!