वेगवान प्रोटॉन आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन का नेतो?

फोंड्याचा विद्यार्थी:
मी एम.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आर्गॉन वायूतून जाताना काही प्रोटॉन इलेक्ट्रॉन घेऊन उदासीन हायड्रोजन होतात, इथपर्यंत समजले. परंतु प्रोटॉनची ऊर्जा काही दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल तर यात सर्वांत आतल्या 'के' कवचाचा वाटा मोठा असतो, असे वाचले. बाहेरचा इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे १६ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, तर 'के' कवचातल्याला सुमारे ३२०० लागतात. मग सैल असलेला मागे राहून घट्ट बांधलेला कसा जातो?

मडगावचे मास्तर:
आपण फक्त सोडवण्याचा खर्च मोजला आहे. इलेक्ट्रॉन नुसता सुटून भागत नाही, तो प्रोटॉनच्याच वेगाने त्याच्यासोबत निघाला पाहिजे. पणजी-बेतीच्या फेरीबोटीतून शेजारच्या होडीत पाय टाकायचा झाला, तर दोन्हींचा वेग जुळावा लागतो, तसेच हे. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनशी २५ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनचा वेग जुळतो. आर्गॉनच्या 'के' इलेक्ट्रॉनचा वेग त्याच्या सुमारे १५ पट असल्यामुळे तिथे जुळणी ६० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास होते. त्या वेळी बाहेरच्या इलेक्ट्रॉनपाशी एवढा संवेग असण्याची शक्यता नगण्य असते. तो धक्क्याने सुटतो खरा, पण ते आयनीभवन झाले, ग्रहण (प्रोटॉनने इलेक्ट्रॉन पकडून सोबत नेणे) नव्हे.

म्हापशाहून:
मास्तरांची होडी मला पटली, फक्त वेग आणखी वाढला की 'के' इलेक्ट्रॉनही मागे पडतो. ओपेनहायमर (१९२८) आणि ब्रिंकमन व क्रेमर्स (१९३०) यांच्या गणितानुसार ग्रहणाचा काटछेद (म्हणजे ग्रहण घडण्याच्या शक्यतेचे माप) वेगाच्या बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घसरतो. त्याआधीच, १९२७ मध्ये, थॉमस यांनी अभिजात (क्वांटमपूर्व, न्यूटनच्या) यामिकीतून दुसरी वाट दाखवली होती: प्रोटॉन इलेक्ट्रॉनला ६० अंशांत उडवतो, तो स्वतःच्याच अणुकेंद्रावर आपटून पुन्हा ६० अंश वळतो आणि प्रोटॉनला समांतर, त्याच्याच वेगाने धावू लागतो. ही वाट अकराव्या घाताने घसरते, म्हणून अतिशय मोठ्या वेगाला शेवटी तीच वरचढ ठरते. त्यात प्रोटॉन स्वतः ०.४७ मिलिरेडियन वळतो, आणि हेलियमवरील प्रयोगात १९८३ मध्ये त्या कोनाजवळचा उंचवटा प्रत्यक्ष दिसला.

फोंड्याचा विद्यार्थी:
इलेक्ट्रॉन 'के' कवचातूनच आला, हे प्रयोगात कसे ओळखतात?

मडगावचे मास्तर:
त्या कवचात पोकळी राहते. ती भरताना कधी कधी सुमारे २९६० इलेक्ट्रॉन व्होल्टचा क्ष-किरण निघतो (बहुतेक वेळा मात्र ती ऊर्जा घेऊन अणूतला दुसरा इलेक्ट्रॉनच बाहेर पडतो, त्याला 'ओझे' (Auger) इलेक्ट्रॉन म्हणतात, त्यामुळे मोजणी वेळखाऊ होते). उदासीन हायड्रोजन आणि हा क्ष-किरण एकाच वेळी नोंदले गेले, तर तो इलेक्ट्रॉन 'के' कवचातला. २५ लाख ते १ कोटी २० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनांवर अशी मोजमापे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत.