मदत हवी आहे: वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रोज किती कॅलरी घ्याव्यात?

पडवीतून
शस्त्रक्रिया होऊन बरेच महिने झाले, तरी एका साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर मला कोणी देत नाही. दिवसाला नेमक्या किती कॅलरी घ्यायच्या? रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाई फोनवर "चार्टप्रमाणे चालू ठेवा" एवढेच म्हणतात आणि त्या चार्टमध्ये कॅलरींचा आकडाच नाही. मोबाइलमधले अ‍ॅप १५०० सांगते, तर माझ्याच खोलीत शस्त्रक्रिया झालेली एक बाई ८०० च्या वर जात नाही. मी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर चालते, तरी जूनपासून काटा हललेला नाही आणि चालून येऊन बसले की डोळ्यांपुढे अंधारी येते. कृपया आकडा सांगावा. "डॉक्टरांना विचारा" हे मला माहीत आहे. डॉक्टर मुंबईला आहेत आणि मी रत्नागिरीला.

सुपारीबाग
ताई, आकडा सांगण्यापूर्वी काही माहिती हवी. शस्त्रक्रिया कोणती झाली, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढणे) की बायपास (जठर लहान करून आतड्याची वाटही बदलणे)? केव्हा झाली? तेव्हाचे वजन, आताचे वजन आणि उंची किती? मधुमेह आहे का? दुसऱ्या महिन्यातला माणूस आणि दुसऱ्या वर्षातला माणूस यांचे आकडे एक नसतात.

खाडीपलीकडचा
एवढी चौकशी कशाला? वजन अडकले आहे याचा अर्थ खाणे जास्त होत आहे. ५०० कॅलरींवर या, दिवसातून दोनदाच जेवा, मधे तोंडात काही घालू नका. मी याच पद्धतीने पोट उतरवले, तेही शस्त्रक्रियेवाचून. आपणही आधी हा उपाय करून पाहायला हवा होता.

पडवीतून
शस्त्रक्रिया करू की नको, असे मी विचारलेले नाही; ती झालेली आहे. स्लीव्ह, गेल्या नोव्हेंबरमध्ये. तेव्हा ११६ किलो, आता ८८. उंची पाच फूट दोन इंच. मधुमेह नाही. आता तरी आकडा सांगाल का?

कुळीथपिठी
माझा बायपास चार वर्षांपूर्वी झाला. माझे स्पष्ट मत असे की कॅलरी मोजणे बंद करा आणि फक्त प्रथिने मोजा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात गेली की बाकीचे आपोआप जागेवर येते. गोड मात्र पूर्ण सोडा. पहिल्या वर्षी मी एका लग्नात साखरेचे कोकम सरबत घेतले आणि पंधरा मिनिटांत घाम, धडधड आणि पोटात कळा सुरू झाल्या. आंबापोळीनेही तेच झाले.

सुपारीबाग
आपला अनुभव बायपासचा आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, पण आतड्याची वाट बदलत नाहीत, त्यामुळे गोड खाल्ल्यावर असा त्रास बायपासच्या मानाने कमी होतो, आणि म्हणूनच गोड बिनबोभाट पोटात जात राहते. कॅलरी मोजू नका, हा सल्ला तिथे चालत नाही. आठव्या महिन्यात बहुतेकांना साधारण ९०० ते १२०० च्या दरम्यान सांगतात. ५०० हा आकडा पहिल्या काही आठवड्यांचा, पातळ आहाराच्या दिवसांतला असतो. आज तो घेतला तर स्नायू झिजतील. आणि एवढ्याशा जठरात ६० ग्रॅम प्रथिने दोनच जेवणांत बसवून दाखवावीत.

ताई, नोव्हेंबरपासून २८ किलो उतरले, म्हणजे जादा वजनातले जवळजवळ निम्मे गेले. मधे काही आठवडे काटा थांबणे नेहमीचे आहे. तरी सकाळच्या चहापासून रात्रीपर्यंत काय खाता ते लिहा. जूनमध्ये काय बदलले तेही लिहा.

पडवीतून
सकाळी चहा आणि एक घावन. दहा वाजता वाटीभर पेज. दुपारी चार घास भात, आमटी, ओले खोबरे घातलेली भाजी आणि सोलकढी. संध्याकाळी मूठभर काजू. रात्री पाव भाकरी आणि पिठी. अ‍ॅपमध्ये हे ९०० च्या आसपास येते; सोलकढी त्यात धरत नाही, ते पेयच आहे. जूनपासून बदल एवढाच की मासेमारी बंद झाल्यावर बाजारात ताजे मासे फारसे येत नाहीत, आणि आषाढी एकादशीपासून आमच्या घरात मासे आणि अंडी शिजत नाहीत. मे महिन्यापर्यंत दोन्ही वेळा बांगडा नाहीतर अंडे असे.

माडाखाली
सोलकढीला दोष देऊ नये. आमच्या घरी तीन पिढ्या खोबऱ्यावर वाढल्या आणि कोणाचेही वजन वाढले नाही. पचनाला सोलकढीसारखे दुसरे काही नाही.

सुपारीबाग
त्या तीन पिढ्या शेतात राबत होत्या. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० कॅलरी असतात आणि त्यातला बराचसा वाटा तेलाचा असतो. घट्ट रसाची सोलकढी लहान झालेल्या जठरातून सरळ खाली उतरते, पोट भरल्यासारखे वाटत नाही आणि हिशेबात मात्र येते. काजूंचेही तसेच; १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास.

पण मला त्याहून मोठी अडचण दुसरी दिसते. बांगड्याच्या १०० ग्रॅममध्ये १९-२० ग्रॅम प्रथिने मिळत होती, एका अंड्यात सहा. त्यांच्या जागी पेज आणि घावन आले. मी ढोबळ हिशेब केला. आपण आज ३० ग्रॅमच्या पुढे जात नसाव्यात. पिठीला पीठ लागते दोन चमचे, त्यातून पाच-सहा ग्रॅमच येतात. चातुर्मास पाळायचा असेल तर पनीर, दही, मुगाची उसळ, सोयाबीनच्या वड्या आणि आहारतज्ज्ञांना विचारून प्रथिनांची पावडर, हाच मार्ग आहे. ताटात आधी प्रथिने खा, भात शेवटी. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्या.

नारळीपौर्णिमा
आपण विचारले नाही, तरी सांगते: केस गळत असतील तर घाबरू नका. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळू लागतात आणि बहुतेकींचे पुन्हा येतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा.

पडवीतून
केस ठीक आहेत.

जुना कंपाउंडर
अंधारीबद्दल कोणीच विचारले नाही, म्हणून विचारतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे का?

पडवीतून
हो, पूर्वीपासूनच आहे. त्याचा येथे काय संबंध?

जुना कंपाउंडर
संबंध आहे. २८ किलो वजन उतरल्यावर रक्तदाबही उतरतो, आणि ११६ किलोच्या वेळची मात्रा ८८ किलोला जास्त होऊ शकते. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. बसून रक्तदाब मोजा, मग उभे राहून मोजा, दोन्ही आकडे लिहा आणि गावातल्याच डॉक्टरांना दाखवा; त्यासाठी मुंबई गाठायला नको. हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. पाणी दिवसभरात दीड लिटर तरी, घोट घोट प्या. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून ते राहून जाते.

तोवर दोन तासांचे चालणे अर्ध्यावर आणा. आठवड्याला १५० मिनिटे बेताच्या वेगाने चालणे ही सुरुवातीला पुरेशी मर्यादा आहे. आपण त्याच्या कितीतरी पुढे आहात आणि स्नायूंसाठी काहीच करत नाही. अंधारी थांबली की आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणे, असे पडवीतच करता येईल.

खाडीपलीकडचा
चालणे कमी करून वजन कसे उतरेल? हे उलटेच सांगणे झाले.

पडवीतून
रक्तदाब बसून ११८ आणि उभे राहून ९४ आला. येथल्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा निम्मी केली आणि तपासण्या लिहून दिल्या. अहवाल परवा येतील. आकडा मी सध्या १००० धरते, सोलकढी मोजून. मात्र सोयाबीनच्या वड्यांचा वास घरात कोणालाच सहन होत नाही, आणि पावडर दुधात घेतली की मला मळमळते. यावर काही उपाय आहे का?

कुळीथपिठी
वड्या मीठ घातलेल्या पाण्यात उकळा, पाणी फेका, घट्ट पिळा आणि पुन्हा एकदा तसेच करा. मग मालवणी मसाल्यात परता. वाटण कमी घाला. पावडर दुधाऐवजी थंड ताकात घेऊन बघा, बिनगोडाची मिळते. स्लीव्हवाल्यांना ती सोसते का, ते सुपारीबाग सांगतील.