मदत हवी आहे: चार ठिकाणच्या नोंदींतले ‘जामदार’ एकाच घराण्यातले कसे जोडावेत? (बडोदे)

जामदार_वाडी
नमस्कार. आमचे आडनाव जामदार असून घर बडोद्याच्या वाडी भागात आहे. काकांनी वंशावळ छापायला घेतली आहे आणि मजकूर छापखान्यात देण्यास जेमतेम तीन आठवडे उरले आहेत, म्हणून थेट विचारते. माझ्याजवळ जामदारांच्या चार नोंदी आहेत. पहिली म्हणजे आजोबांच्या पेटीत सापडलेला १७९७ सालचा मोडी कागद. दुसरी म्हणजे १८०२ सालच्या एका मोडी यादीची छायाचित्रे. तिच्यात तीन जामदार आहेत. तिसरी नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतली आहे आणि चौथी ग्वाल्हेरच्या एका सनदेची नक्कल आहे. आडनाव एकच आहे आणि काळही जुळतो, तेव्हा ही सर्व माणसे आमच्याच घराण्यातली असणार. यांत पिता कोण, पुत्र कोण, एवढे लावून हवे आहे. कृपया लवकर सांगावे.

दफ्तरी_पुणे
ताई, नाते लावण्याआधी मूळ मजकूर पाहायला हवा. पहिल्या कागदावर साल आकड्यांत आहे की अक्षरांत? तो कोणी वाचून दिला? कागद कशाविषयी आहे? आणि आपल्या घराण्याचे मूळ गाव व कुलस्वामी कोणते, हे आपण लिहिलेलेच नाही.

सयाजीगंजकर
बडोद्यातच आहात तर प्राच्यविद्या मंदिरात जा. तिथे हजारो जुन्या पोथ्या आहेत, त्यांत आपल्या घराण्याचा उल्लेख नक्की मिळेल.

मोडीचा_विद्यार्थी
प्राच्यविद्या मंदिराविषयी मलाही अत्यंत आदर आहे, परंतु तिथला संग्रह मुख्यतः संस्कृत हस्तलिखितांचा आहे आणि दरबारी हिशेब व नेमणुका शोधण्याची ती जागा नव्हे. बडोदे संस्थानची कागदपत्रे गुजरात राज्य अभिलेखागाराच्या, बडोद्यातल्या कोठी इथल्या कार्यालयात आहेत. रेसिडेन्सीचे, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीचे, इंग्रजी कागद हवे असतील तर आधी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोध घ्यावा.

पडताळणी_मार्गदर्शक
महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या जात दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. एवढे जुने कागद जोडण्याची गरज नाही. पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा जन्ममृत्यूच्या नोंदवहीचा उतारा पुरेसा होईल.

जामदार_वाडी
दाखल्याचा प्रश्न नाही, वंशावळीचा आहे. पहिला कागद एका गृहस्थांनी पैसे घेऊन वाचून दिला, त्यांचे लिप्यंतर असे आहे: “छ ७ साबान सु॥ इसन्ने अशर मयातैन व अलफ”, मग काही ओळी पुसट आहेत आणि शेवटी “चिरा १ शेला १ गु॥ विठोजी जामदार क॥ सुपें”. हा आकडा १२१२ होतो असे त्यांनी सांगितले. मी मोबाइलवर हिजरी १२१२ घातले तेव्हा १७९७ आले. विठोजी हे आमचे पूर्वज आणि ‘क. सुपे’ हा त्यांचा कारकून असावा, असे मी धरले आहे. आता कृपया नाते सांगा. मूळ गाव वगैरे आम्हाला ठाऊकच आहे, त्याची अडचण नाही.

दफ्तरी_पुणे
अडचण तिथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘सु॥’ म्हणजे शुहूर सन, ज्याला आपल्याकडे अरबी सन असेही म्हणत. त्यातले आकडे अरबी शब्दांत लिहीत: इसन्ने म्हणजे दोन, अशर म्हणजे दहा, मयातैन म्हणजे दोनशे आणि अलफ म्हणजे हजार. १२१२ हे आपल्या वाचकाने बरोबर काढले, पण हे हिजरी वर्ष नव्हे. महिना आणि तारीख हिजरी चांद्रमानाची (‘छ’ म्हणजे चंद्र, साबान म्हणजे शाबान), मात्र वर्ष शुहूर, अशी ही जोडणी असते. शुहूर वर्ष सौर असते आणि मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आसपास, बदलते. जूननंतरच्या महिन्यांसाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ६००. म्हणून आपला कागद ऑगस्ट १८११ च्या अखेरचा आहे, १७९७ चा नाही. चौदा वर्षांचा हा फरक वंशावळीत जवळजवळ एका पिढीचा घोटाळा करू शकतो.

आता शेवटची ओळ. ‘गु॥’ म्हणजे गुजारत, अर्थात ‘यांच्या हस्ते’. चिरा आणि शेला ही वस्त्रे आहेत आणि दरबारची वस्त्रे व जडजवाहीर जामदारखान्यात असे. तेव्हा ही वस्त्रे विठोजी जामदारांच्या हस्ते दिली गेली, इतका साधा अर्थ आहे. आणि ‘क॥ सुपें’ हा माणूस नाही. मोडीत ‘क॥’ म्हणजे कसबे, जसे ‘मौ॥’ म्हणजे मौजे. ते कसबे सुपे आहे. आपला कारकून हे एक गाव आहे.

कुलवृत्तांतप्रेमी
दफ्तरी यांचे वाचन मान्य आहे, पण हिशेबाच्या कागदावर वंशावळ उभी राहत नाही. मी आमच्या घराण्याचे काम बारा वर्षे केले आहे आणि माझा अनुभव असा की तीर्थोपाध्यायांची नामावळी हाच खरा पाया असतो, कारण तिथे यात्रेकरू स्वतः आपल्या बापाचे आणि आजाचे नाव सांगतो. बाकीचे कागद तिच्या भोवती मांडावेत.

दफ्तरी_पुणे
यात्रेकरू जे सांगतो ते त्याच्या आठवणीतले असते आणि पणजोबांच्या पलीकडे आठवण पुष्कळदा चुकते. हिशेबनीस मात्र त्याच दिवशी लिहीत असे आणि विठोजींना मोठे किंवा लहान करून दाखवण्यात त्याचा काही लाभ नव्हता.

कुलवृत्तांतप्रेमी
हिशेबनीसाला विठोजींचा बाप कोण याच्याशीही काही कर्तव्य नव्हते, हे आपण विसरता.

मोडीचा_विद्यार्थी
दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे, तरी १८०२ च्या यादीकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. ताई, त्या यादीत ‘जामदार’ या शब्दाच्या पुढे काय लिहिले आहे? आणि त्याच पानावर ‘शिबंदी’ (पगारी फौज) किंवा ‘रोजमुरा’ (पगार) हे शब्द आढळतात का?

जामदार_वाडी
आत्ताच छायाचित्र मोठे करून पाहिले. पानाच्या वर ‘अरब शिबंदी’ असे वाचून दिलेले आहे आणि तीनही जामदारांपुढे ‘असामी’ लिहून आकडे आहेत. एकापुढे ६०, एकापुढे १००, तिसरा आकडा नीट दिसत नाही. आमचे पूर्वज अरब पलटणींचे हिशेब ठेवत असत, अशी काकांची समजूत आहे.

मोडीचा_विद्यार्थी
तो शब्द बहुधा ‘जामदार’ नसून ‘जमादार’, म्हणजे शिपायांच्या तुकडीचा नायक, असा आहे. मोडीत ओळ आधीच आखलेली असते, लेखणी न उचलता शब्दाला शब्द जोडून लिहिले जाते आणि काना कोणत्या अक्षराला लागला आहे हे घाईच्या हातात चटकन ओळखू येत नाही. आपण स्वतः त्या शब्दातल्या ‘म’वर बोट ठेवून पाहा. काना ‘ज’ला असेल तर जामदार, ‘म’ला असेल तर जमादार. शिवाय वस्त्रे सांभाळणाऱ्यापुढे ६० किंवा १०० असामी का लिहिल्या जातील? ती जमादाराच्या हाताखालची माणसे आहेत.

१८०२ साल लक्षात घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. त्या वेळी आनंदराव गायकवाडांच्या दरबारात अरब शिबंदीचे वर्चस्व होते. तिचे जमादार कर्जांना आणि करारांना भांदरी, म्हणजे जामीन, राहत असत आणि शहर त्यांच्या ताब्यात होते. डिसेंबर १८०२ मध्ये इंग्रजांनी बडोद्याला वेढा घातला, अरबांचा थकलेला पगार भागवला गेला आणि शिबंदी मोडली गेली. आपली यादी त्या हिशेबातली असण्याचा बराच संभव आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
ग्वाल्हेरच्या सनदेविषयी सांगतो. शिंदे दरबारातही जामदारखाना होता आणि त्याचे काम पाहणाऱ्यांना इथेही जामदार म्हणत. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस यांचेही तसेच. हुद्दा आडनाव झाला आणि त्यामागचे मूळ आडनाव पुष्कळ घरांत कायमचे गेले. माझ्या ओळखीत दोन जामदार घराणी आहेत. त्यांचे कुलस्वामी वेगळे आहेत आणि सोयरिकीही परस्परांत झालेल्या आहेत. आपल्या सनदेत मूळ गाव दिले आहे का?

जामदार_वाडी
नाही, सनदेत गाव नाही, फक्त नेमणुकीची रक्कम आहे.

लष्कर_ग्वाल्हेर
मग ती तूर्त बाजूला ठेवावी. गाव किंवा बापाचे नाव मिळेपर्यंत ती आपल्या घराण्याची आहे असे छापू नये, ही आग्रहाची विनंती. छापलेली चूक पुढच्या पिढ्या पुरावा म्हणून दाखवतात.

दफ्तरी_पुणे
ताई, आता नाशिकची नोंद शब्दशः द्यावी. आणि मूळ गाव कोणते, हे मी तिसऱ्यांदा विचारतो आहे.

जामदार_वाडी
क्षमा करा, घरात सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट लिहावीशी वाटली नाही. आमचे मूळ गाव सुपे. आपण ‘कसबे सुपे’ लिहिले तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. मी घाईत पुढे गेले.

नाशिकची नोंद शके १८१० ची आहे. तिच्यात जामदार, राहणार बडोदे, मूळ सुपे, असे आहे आणि यात्रेकरूच्या खाली वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावे आहेत. पणजोबांचे नाव विठोजी आहे. छायाचित्र मी पूर्वी निम्मेच उघडले होते, कारण मला फक्त आडनाव हवे होते.

१८०२ च्या यादीत काना तिन्ही ठिकाणी ‘म’लाच लागलेला आहे. आत्याबाईंनीही भिंग घेऊन पाहिले.

कुलवृत्तांतप्रेमी
शके १८१० म्हणजे इसवी १८८८. पणजोबा १८११ मध्ये कर्ते असणे पूर्णपणे जुळते. नामावळीचे महत्त्व मी म्हणत होतो ते हेच.

दफ्तरी_पुणे
आणि दफ्तराशिवाय त्या विठोजींचा हुद्दा व वर्ष कळले नसते. नाव, गाव आणि हुद्दा अशा तीन गोष्टी दोन स्वतंत्र नोंदींत जुळत आहेत, म्हणून पहिली व तिसरी नोंद जोडण्यास माझी हरकत नाही. फक्त विठोजी हे नाव त्या काळी घरोघरी असे, तेव्हा ‘बहुधा हेच’ असे शब्द छापावेत.

जामदार_वाडी
काकांना संध्याकाळी सर्व सांगितले. अरब पलटणींची गोष्ट ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले आहेत, म्हणून १८०२ चे पान काढताना त्यांना फार जड गेले. त्यांनी पान स्वतःच फाइलीतून काढले आणि वेगळ्या पाकिटात ठेवले. विठोजींचा कागद आता पहिल्या पानावर येणार आहे. पुढच्या आठवड्यात कोठीत जाणार आहे. तिथे काय मागावे?

मोडीचा_विद्यार्थी
आडनाव सांगून मागू नका, हाती काही लागणार नाही. जामदारखान्याच्या हिशेबाची दप्तरे मागा आणि वर्ष इसवीत न सांगता शुहूर १२१२ असे सांगा. त्याच्या मागची व पुढची दोन-दोन वर्षेही पाहा. विठोजींच्या हातून वस्त्रे एकदाच दिली गेली असतील असे नाही. जिथे जिथे ‘गु॥’ दिसेल तिथे थांबा. आपल्या कागदाचे छायाचित्र सोबत असू द्या, म्हणजे हिशेबनिसाचे वळण ताडून पाहता येईल, आणि जाण्यापूर्वी दोन दिवस साबान, रमजान, सव्वाल हे शब्द मोडीत वाचण्याचा सराव करा.