गावी गेले की टीबीचं औषध तुटतं. इंदूर, झाबुआ, बडोदा मिळून काही होऊ शकतं का?

माळवी_ताई (इंदूर)
नमस्कार मंडळी. आमच्या भागात बायपासकडे बिल्डिंगींची कामं जोरात आहेत, तिथे पत्र्याच्या खोल्यांमध्ये झाबुआ-अलीराजपूरकडची कुटुंबं राहतात. आमच्या मंडळातल्या काही जणी तिथल्या मुलांना शिकवायला जातो. एका बाईला टीबी आहे, सरकारी औषध चालू आहे, खोकला कमी झालाय, वजनही वाढतंय. आता भगोरियाला (होळीआधीची आदिवासी जत्रा) सगळे गावी जाणार आणि होळी झाली की नवरा म्हणतो बडोद्याला साइटवर जाऊ. मग मधे औषध कोण देणार? इथे विचारलं तर म्हणाले तिकडे घ्या, पण तिकडे कुठे आणि कोणाकडे ते कोणी सांगेना. सोबत दोन लहान मुलं आहेत, त्यांच्या लसी पण राहिल्यात. कोणाला माहीत असेल तर सांगा प्लीज, फार जीव लागलाय त्या घराला.

नर्स_ग्वाल्हेर
ताई, आधी हे करा. तिचा नि-क्षय आयडी (सरकारी टीबी नोंदणीचा नंबर) लिहून घ्या, कार्डावर असतो. पूर्ण देशात तोच नंबर चालतो, त्यावरून इथलं सेंटर तिची केस झाबुआला आणि पुढे बडोद्याला ऑनलाइन ट्रान्सफर करू शकतं, नवीन रजिस्ट्रेशन लागत नाही. फक्त जायच्या *आधी* सांगावं लागतं, आणि प्रवासापुरत्या गोळ्या हातात मागून घ्यायच्या. साधा टीबी असेल तर कोर्स ६ महिन्यांचा, पहिले २ महिने चार औषधं आणि मग ४ महिने तीन. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करणं सगळ्यात घातक, आजार परत येतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. पोषणाचे महिन्याचे १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते) बँक खात्यात येतात, तर ती बडोद्याला गेली तरी थांबायला नकोत, खातं चालू आहे ना बघून घ्या. अडलं तर १८००-११-६६६६ वर फोन करा. आणि मुलं ५ वर्षांखालची असतील तर त्यांची तपासणी आत्ताच करवा, टीबी नसला तरी होऊ नये म्हणून औषध देतात, हे बऱ्याच घरांना कोणी सांगतच नाही. तिचं नाव-फोटो इथे टाकू नका हं.

कडियानाका (बडोदा)
ताई, आमच्याकडे सकाळी कडियानाक्यावर (मजूर कामासाठी जमतात तो नाका) उभे असणाऱ्यांत झाबुआ, अलीराजपूर, दाहोदचे लोक खूप असतात, मेघनगरहून गाडीत बसले की थेट बडोदा. इथे बांधकाम मजुरांसाठी धन्वंतरी आरोग्य रथ फिरतो, साइटवर येतो, किरकोळ तपासणी-औषध फुकट. आयुष्मान कार्ड मध्य प्रदेशचं असलं तरी इथल्या यादीतल्या हॉस्पिटलात चालतं पण ॲडमिट झालं तरच, ओपीडीला नाही. लसींचं मात्र कठीण आहे. इथे लसींच्या नोंदीला ममता कार्ड, तुमच्याकडे वेगळं कार्ड, आरोग्य खात्याची ॲपही वेगळी, इथे टेको तर तुमच्याकडे अनमोल, त्यामुळे आई कागद विसरली की नर्सबाईंना कळत नाही काय दिलंय. कार्डाचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगा आणि यू-विनवर (लसींची देशभराची ऑनलाइन नोंद) नाव आलंय का विचारा.

सुदामानगरवाला (इंदूर)
वरचं सगळं बरोबर पण मला वाटतं खरी अडचण मोजणीत आहे. शहरी आरोग्य मिशन २०१३ पासून आहे, त्यात ५०,००० लोकसंख्येमागे एक शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि २०० ते ५०० घरांमागे एक आशा कार्यकर्ती असं धरलंय. आता साइटवरची खोली आज आहे, सहा महिन्यांनी नाही, ती कोणत्या आशाच्या यादीत येणार? गावात नाव आहे पण माणूस नाही, शहरात माणूस आहे पण नाव नाही. आपण इंदूरवाले २०१७ पासून स्वच्छतेत पहिले म्हणून अभिमानाने सांगतो आणि सांगावंच, पण ज्यांच्या हातांनी हे शहर बांधलं जातंय ते याच शहरातले धरायला हवेत. माझं म्हणणं असं की इंदूर, झाबुआ, अलीराजपूर, दाहोद, बडोदा इथल्या टीबी आणि लसीकरण अधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि भगोरियाआधी, गेलेल्या-आलेल्यांच्या याद्या एकमेकांना द्याव्यात, आणि पेशंट पोचल्याचा फोन आल्याशिवाय पहिल्या सेंटरने केस बंद धरू नये. यात नवीन हॉस्पिटल लागत नाही, पैसाही फारसा नाही. महानगर क्षेत्र म्हणून इंदूर-उज्जैन-देवास-धार जोडायचं चाललंय, त्यात रस्ते आणि उद्योगच जास्त ऐकू येतात, आरोग्याचं कोणीतरी लावून धरायला पाहिजे. तुमच्या मंडळाने नगरसेवकाला लेखी द्या, मी सही करतो.

माळवी_ताई (इंदूर)
सगळ्यांचे मनापासून आभार. आयडी उद्याच बघते आणि मुलांना पण घेऊन जाते. अर्जाचा मसुदा मंडळात करतो, सुदामानगरवाले दादा तुम्ही तारखांचं ते नीट लिहून द्या. कडियानाका दादा, ती बडोद्याला पोचली की जवळचं सरकारी केंद्र दाखवायला कोणी भेटेल का? बाई फक्त भिली बोलते, हिंदी जेमतेम.

कडियानाका (बडोदा)
भेटेल. नाक्यावर त्यांच्याकडचेच बरेच आहेत, भिली बोलणारी एखादी बाई सोबत देतो. निघायच्या दोन दिवस आधी मेसेज करा.